आयसीटीसीच्या खोलीतून मानसोपचाराकडे: एका समुपदेशकाच्या करिअरचा प्रकरण अभ्यास

अमरावती जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात काम करणारी ही समुपदेशक मला भेटली तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. मानसशास्त्रात नियमित एम.ए., गुण साठ टक्क्यांच्या वर. नोकरी आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीसाठीच्या एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात, कंत्राटी, तीन वर्षं झालेली. तिला ‘सायकॉलॉजिस्ट’ व्हायचं होतं. त्यासाठी नेमकं काय करावं लागतं, हे सांगणारं तिच्या ओळखीत कोणीही नव्हतं. महाविद्यालयातल्या प्राध्यापकांनी तिला नेट-सेटचा, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रतापरीक्षांचा, रस्ता सांगितला होता, कारण त्यांना तोच माहीत होता.

मी सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्कर, म्हणजे मनोरुग्णसेवेतली समाजसेविका, आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात काम करताना मला तिच्यासारखी मुलंमुली सतत भेटतात. हे प्रकरण मी तिच्या परवानगीनं लिहीत आहे. तिची आणि तिच्याकडे आलेल्या व्यक्तीची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिनं घेतलेले निर्णय, त्यांचा क्रम आणि त्यामागची कारणं मात्र जशी घडली तशीच ठेवली आहेत, कारण या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्याला उपयोग त्यांचाच आहे.

पहिली भेट

ती एका प्रशिक्षण शिबिरानंतर थांबली आणि म्हणाली, “मॅडम, दहा मिनिटं बोलू का? मला एक क्लास लावायचा आहे, तो चांगला आहे का ते विचारायचं होतं.” तिनं मोबाईलवर एक जाहिरात दाखवली. सहा शनिवार-रविवार, ऑनलाइन, आणि शेवटी हिप्नोथेरपी, एनएलपी, बालसमुपदेशन व विवाहसमुपदेशन अशी चार प्रमाणपत्रं. शुल्क ७५,००० रुपये. जाहिरातीत लिहिलं होतं की हा अभ्यासक्रम केल्यावर स्वतःचं केंद्र सुरू करता येईल. तिनं तालुक्याच्या बसस्टँडजवळ एक खोलीही बघून ठेवली होती, रविवारपुरती.

मी तिला विचारलं, त्या सहा आठवड्यांत तुझ्यासमोर खरा रुग्ण बसणार आहे का? तू काय बोललीस ते ऐकून कोणी तुला दुरुस्त करणार आहे का? तिनं जाहिरात वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचली. तसं काहीच नव्हतं.

घरचं म्हणणं वेगळं होतं. वडिलांची संत्र्याची बाग, पाणी असेल त्या वर्षी उत्पन्न बरं, नसेल त्या वर्षी कर्ज. त्यांना वाटत होतं, बी.एड. करावं आणि शाळेत लागावं. आईची अडचण निराळी. मी पुढे एकदा त्यांच्या घरी गेले तेव्हा ती माउली मला म्हणाली, “पोरगी दवाखान्यात जाते, पगार आनते, पन करते काय म्हनून कोनी इचारलं तं मले सांगता येत नाही.” यातलं दुःख मला समजतं. एचआयव्हीच्या खोलीत मुलगी बसते, हे गावात मोकळेपणानं सांगणं सोपं नसतं. लग्नाचं बोलणं सुरू असताना तर नसतंच.

कायदा काय म्हणतो

पुढच्या भेटीत आम्ही आधी कायदा समोर ठेवला. या क्षेत्रातल्या निम्म्या फसवणुकी कायदा माहीत नसल्यामुळे होतात असं माझं मत आहे, म्हणून यावर मी वेळ घालवते.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसिक आजारांवर काम करणारा मानसशास्त्रज्ञ, हे पद भारतीय पुनर्वसन परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या, अखत्यारीत येतं. १९९२ च्या कायद्यानं ही परिषद वैधानिक झाली. परिषदेच्या केंद्रीय पुनर्वसन नोंदवहीत नाव असल्याशिवाय त्या नात्यानं व्यवसाय करता येत नाही. केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. हजार रुपये ऐकून लोक हसतात, पण नोंदणीशिवाय दिलेला अहवाल न्यायालयात किंवा अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी टिकत नाही आणि त्याचा फटका रुग्णाला बसतो.

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मेंटल हेल्थ नर्स आणि सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्कर या तिघांच्या व्याख्या आहेत आणि राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणानं त्यांची नोंदणी करायची आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच्या व्याख्येत मानसशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीनंतरचं दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. आहे आणि त्या दोन वर्षांत ‘सुपरवाइज्ड क्लिनिकल ट्रेनिंग’ असलं पाहिजे असं स्पष्ट म्हटलं आहे. मी तिला ते वाक्य दोनदा वाचायला लावलं. नुसता अभ्यासक्रम कायद्याला पुरत नाही, देखरेखीखाली केलेलं काम लागतं.

नुसतं एम.ए. असलेल्या समुपदेशकाला या व्याख्यांमध्ये जागा नव्हती. ती २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यानं दिली. त्याच्या परिशिष्टात वर्तणूक आरोग्यशास्त्र असा एक गट आहे. आरसीआयकडे असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट वगळून इतर मानसशास्त्रज्ञ, वैद्यकीय आणि मनोरुग्णसेवेतले समाजसेवक, आणि एचआयव्ही समुपदेशकसुद्धा त्यात नावानिशी आहेत. हे वाचून ती थोडी सावरून बसली. आपलं सध्याचं काम देशाच्या कायद्यात आरोग्यव्यवसाय म्हणून नोंदलेलं आहे, हे तिला तोवर कोणी सांगितलंच नव्हतं. याच कायद्यात ‘हेल्थकेअर प्रोफेशनल’साठी किमान ३,६०० तासांचं पदवीशिक्षण धरलं आहे. सहा शनिवार-रविवारांचे तास त्यापुढे मांडले की वेगळं काही बोलावं लागत नाही.

समुपदेशन करायला तिला कायद्यानं बंदी नव्हती. पण बसस्टँडजवळच्या त्या खोलीवर जो फलक ती लावणार होती त्यात ‘क्लिनिकल’ हा शब्द होता. तो बेत तिथेच थांबला.

वेळेचा प्रश्न

ही गोष्ट २०२३ च्या अखेरीची. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२२ च्या नियमावलीत एम.फिल. ही पदवीच बंद केली होती. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्क या दोन विषयांसाठी नंतर मुदत वाढवली गेली, तीही २०२५-२६ च्या शैक्षणिक वर्षापर्यंतच. त्याच काळात आरसीआयनं क्लिनिकल सायकॉलॉजीतला चार वर्षांचा बी.एस्सी. ऑनर्स आणि दोन वर्षांचा एम.ए. असे नवे अभ्यासक्रम आणले. बारावी झालेल्या मुलांसाठी आता चित्र वेगळं आहे. त्यांनी प्रवेश घेण्याआधी त्या संस्थेला त्या वर्षासाठी परिषदेची मान्यता आहे का, हे परिषदेच्या यादीतच तपासावं. संस्थेच्या माहितीपत्रकावर विसंबू नये.

आणखी एक गोष्ट इथेच सांगते, कारण अनेक जण यात अडकतात. नोकरी सांभाळून मुक्त किंवा दूरस्थ पद्धतीनं मानसशास्त्राचं एम.ए. करणारे आपल्याकडे खूप आहेत. २०२५ मध्ये अनुदान आयोगानं मानसशास्त्रासह अशा आरोग्यविषयक अभ्यासक्रमांना दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीनं प्रवेश देणं थांबवलं. या मुलीचं एम.ए. नियमित होतं, त्यामुळे तिचा दरवाजा उघडा राहिला. दूरस्थ पद्धतीनं एम.ए. केलेल्या तिच्या दोन मैत्रिणींचा अर्ज भरतानाच अडला.

आयसीटीसीच्या खोलीत ती काय शिकली होती

ती स्वतःच्या नोकरीला ‘तात्पुरतं’ म्हणत होती. मला ते पटत नव्हतं. त्या खोलीत काय होतं, ते बघा.

गरोदरपणाच्या तपासणीला आलेल्या प्रत्येक बाईची एचआयव्ही चाचणी होते. चाचणीआधी तिच्याशी बोलायचं, संमती घ्यायची. रिपोर्ट आल्यावर पुन्हा बोलायचं. एखादीचा पॉझिटिव्ह आला तर बाहेर बाकड्यावर सासू बसलेली असते आणि आत ही बावीस वर्षांची पोर विचारते, “आता बाळाचं काय?” तेव्हा उपचार मोफत आहेत, औषध वेळेवर घेतलं तर बाळाला लागण होण्याची शक्यता खूप कमी करता येते, हे तिला कळेल अशा भाषेत आणि तिच्या वेगानं सांगायचं. नवऱ्याला कधी, कसं सांगायचं ते तिच्याशी ठरवायचं. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं संमती आणि गोपनीयता बंधनकारक केली आहे, पण तालुक्याच्या दवाखान्यात गोपनीयता पाळणं म्हणजे ओळखीच्या शिपायासमोर, गावच्या आशाताईसमोर, आणि कधी स्वतःच्या मावशीसमोर गप्प राहणं. एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी केंद्राला जोडून द्यायचं, क्षयरोगाची तपासणी करून घ्यायची, औषध सुटलं तर फोन करायचा, घर शोधायचं.

वाईट बातमी सांगणं, शांतता सहन करणं, जोडप्यातल्या दोघांचं ऐकून घेणं, पाठपुरावा आणि नोंदी हे सगळं तिनं तीन वर्षं केलं होतं. एम.ए. करून थेट प्रवेशपरीक्षेला बसणाऱ्या शहरातल्या मुलांकडे हे नसतं. तिच्याकडे फक्त एकाच गोष्टीची कमतरता होती: तिचं काम कोणी कधी ऐकलं नव्हतं. तिच्यावर देखरेख होती ती आकड्यांची. महिन्याला चाचण्या किती, उद्दिष्ट किती, अहवाल वेळेवर गेला का. खोलीत ती काय बोलते आणि त्याचं समोरच्याचं काय होतं, हे विचारणारं कोणी नव्हतं.

वारंवार चाचणी करणारा माणूस

सुपरव्हिजन म्हणजे काय, हे मी तिला शब्दांत सांगत बसले नाही. नागपूरच्या एका अनुभवी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टांना विनंती केली. त्यांनी पंधरवड्याला एक तास फोनवर द्यायचं कबूल केलं, अल्प मानधनावर. अट एकच. येताना एक केस एका पानावर लिहून आणायची. रुग्णाचं नाव-गाव काढून टाकायचं, त्याची वाक्यं आणि स्वतःची वाक्यं जशीच्या तशी लिहायची, आणि शेवटी आपला प्रश्न लिहायचा.

तिनं पहिलीच केस आणली ती तिच्या अभिमानाची होती. पस्तिशीचा एक चालक. दोन वर्षांपूर्वी एकदा धोक्याचा संबंध आला होता. पहिली चाचणी निगेटिव्ह, तीन महिन्यांनंतरचीही निगेटिव्ह. तरीही तो येत राहिला. आपल्याला झालंच असेल, किटमध्ये चूक असेल, रिपोर्ट बदलला असेल. अकोल्यात केली, अमरावतीत केली, खासगी प्रयोगशाळेत केली. शेवटी तो म्हणायचा, “तुम्ही सांगितलं की मला पटते, मॅडम.” ती प्रत्येक वेळी नोंदवही उघडून दाखवायची, चाचणी कशी होते ते पहिल्यापासून समजवायची, आणि तो निवांत होऊन जायचा.

सुपरवायझरांनी विचारलं, “तू समजावल्यावर त्याला किती दिवस बरं वाटतं?”

“आठ-दहा दिवस.”

“आणि सुरुवातीला किती दिवस वाटायचं?”

तिनं नोंदवहीतल्या तारखा बघितल्या. सुरुवातीला दोन भेटींमध्ये दोन महिने होते, मग महिना, मग पंधरा दिवस. प्रत्येक दिलाशानंतर मुदत कमी झाली होती. तिनं फोन ठेवल्यावर मला सांगितलं की त्या तारखा तिच्याच अक्षरात लिहिलेल्या होत्या, तरी इतक्या दिवसांत त्या एकापुढे एक ठेवून तिनं कधी पाहिल्या नव्हत्या.

हा प्रकार अभ्यासात सगळ्यांनी वाचलेला असतो. मंत्रचळ, म्हणजे ओसीडी, किंवा आजाराच्या भीतीचा विकार असेल तर दिलासा हा त्या चक्राचाच भाग होतो. भीती वाढते, माणूस खात्री करून घेतो, थोडा वेळ सुटका मिळते, आणि मेंदू शिकतो की सुटका फक्त खात्रीनंच मिळते. पुढची भीती मग लवकर येते. तिनं परीक्षेत हे चांगलं लिहिलं होतं. पण समोर रडवेला माणूस बसलेला असताना, त्याला धीर देणं हीच दया वाटत असताना, आपण त्याच चक्रात बसलो आहोत हे एकटीला दिसणं फार कठीण. ते दिसायला दुसरा माणूस लागतो. माझ्या मते या व्यवसायात पदवीइतकीच ही सोय निर्णायक आहे, आणि करिअरचा सल्ला देणारे तिच्याबद्दल क्वचितच बोलतात.

पुढचं काम तिघांनी वाटून घेतलं. जिल्हा रुग्णालयाचं मानसिक आरोग्य पथक ठरलेल्या दिवशी त्या ग्रामीण रुग्णालयात येतं. तिनं त्या माणसाला नुसती चिठ्ठी दिली नाही. तारीख ठरवली, स्वतः त्याच्यासोबत मानसोपचारतज्ज्ञांच्या खोलीपर्यंत गेली. त्यांनी ओसीडीचं निदान केलं आणि औषध सुरू केलं. तिचा वाटा सुपरवायझरांच्या मार्गदर्शनाखाली ठरला. नवा धोका नसेल तर नवी चाचणी नाही. तोच प्रश्न पुन्हा आला तर पुन्हा उत्तर नाही, त्याऐवजी भीती आत्ता किती आहे हे त्यानं शून्य ते दहामध्ये सांगायचं आणि ती आपोआप उतरते का ते दोघांनी बसून बघायचं. चाचणीची ऊर्मी आली की आधी एक तास थांबायचं, मग एक दिवस. त्याच्या बायकोलाही विश्वासात घेतलं, त्याच्या संमतीनं, कारण घरी रोज रात्री ती बिचारी हेच उत्तर देत होती.

पहिल्या दोन भेटी वाईट गेल्या. तो चिडला, “तुम्हीही बदललात” म्हणाला. तिला वाटलं आपण निर्दय झालो. ते वाक्यही तिनं पानावर लिहून आणलं आणि त्या तासात फक्त त्यावरच बोलणं झालं. सहा महिन्यांनी तो चाचणीसाठी येणं थांबला होता. औषध सुरू होतं, भीती पूर्ण गेली नव्हती, पण गाडी चालवायला तो पुन्हा लागला होता.

गोव्यात आणि आपल्याच जिल्ह्यात

या टप्प्यावर मी तिला दोन अभ्यास वाचायला दिले. पहिला गोव्याचा. विक्रम पटेल यांच्यासह काहींनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या ‘संगथ’ या संस्थेनं तिथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ रुग्णांवर समुपदेशनाच्या उपचाराची एक चाचणी केली. ती २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. बऱ्यापैकी तीव्र ते अतितीव्र नैराश्य असलेल्यांना सहा ते आठ भेटींचं समुपदेशन दिलं. देणारे होते स्थानिक लोक, मानसशास्त्राची पदवी नसलेले. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्यातून सावरले होते, नेहमीचीच सुधारित सेवा मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. यातला मला महत्त्वाचा वाटणारा भाग आकड्यांच्या मागे आहे. ते समुपदेशक आपल्या भेटी ध्वनिमुद्रित करायचे आणि गटात बसून एकमेकांचं काम ऐकून गुण द्यायचे. पदवी नसताना काम उभं राहिलं ते या शिस्तीवर.

दुसरा अभ्यास अमरावती जिल्ह्यातल्याच ३० गावांतला, ‘विश्राम’ या कार्यक्रमाचा. शेतकरी आत्महत्यांच्या पट्ट्यात नैराश्य असलेले किती जण उपचारापर्यंत पोचतात, हे त्यात मोजलं. सुरुवातीला ४.३ टक्के, कार्यक्रमानंतर २७.२ टक्के. तिला धक्का बसला तो वेगळ्याच कारणानं. ही गावं तिच्या घरापासून लांब नव्हती, आणि एम.ए.च्या दोन वर्षांत तिला कोणत्याही प्राध्यापकानं हे काम सांगितलं नव्हतं. राज्य सरकारनंही २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या समुपदेशनाचा ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला होता. म्हणजे काम होतं, माणसं लागत होती, आणि मानसशास्त्र शिकणाऱ्या मुली बी.एड.चे अर्ज भरत होत्या. यावर मला राग येतो आणि तो मी लपवत नाही.

कामाची गरज किती आहे याबद्दल एक आकडा पुरेसा आहे. निम्हान्स या बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता. सर्वेक्षण झालेल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता.

निर्णय

रस्ते तीन उरले. एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करून माझ्या शाखेत येणं: आणखी दोन वर्षं, आणि त्यानंतर पुन्हा एम.फिल. तिच्यासाठी ते लांबचं होतं. आहे त्याच पात्रतेवर दुसरी नोकरी: १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेल्या टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनसारख्या सेवेत, जिथे १४४१६ वर येणारे फोन आधी प्रशिक्षित समुपदेशक घेतात. ही नोकरी चांगली आहे आणि मराठीत बोलणारी माणसं तिथे लागतात. तिनं तो पर्याय बाजूला काढून ठेवला, टाकून दिला नाही. तिसरा एम.फिल.चा, मुदत संपायच्या आत.

तिनं नोकरी सोडली नाही, हा तिचा सगळ्यात शहाणा निर्णय होता असं मला वाटतं. अभ्यासासाठी राजीनामा देऊन घरी बसलेली मुलं मी पाहिली आहेत. प्रवेश हुकला की हातात पगारही नसतो आणि रुग्णही नसतात. तिनं वैद्यकीय अधीक्षकांना लेखी अर्ज दिला की पथक येईल त्या दिवशी आयसीटीसीचं काम आटोपून ती ओपीडीत इतिहास घ्यायला बसेल. त्यांनी परवानगी दिली. नातेवाइकांशी बोलायचं, आजार कधीपासून, आधी कसा होता, झोप, भूक, काम, दारू, घरात आणखी कोणाला, हे लिहून तज्ज्ञांपुढे ठेवायचं. लिहिलेला इतिहास ते लाल पेनानं दुरुस्त करायचे. वर्षभरात तिची वही बघण्यासारखी झाली.

अर्जाच्या यादीत तिनं फक्त शासकीय संस्था ठेवल्या. कारण पैशाचं होतं. खासगी संस्थांचं शुल्क लाखांत जातं, विद्यावेतन सगळीकडे मिळत नाही, आणि दोन वर्षं पगार बंद. बागेवर आधीच कर्ज होतं. पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेसारख्या ठिकाणी जागा मोजक्या आणि अर्ज भरमसाठ, म्हणून राज्याबाहेरच्या संस्थाही यादीत आल्या.

२०२४ ला ती लेखी परीक्षेतच राहिली. संख्याशास्त्र आणि संशोधनपद्धती तिनं एम.ए.नंतर उघडलेच नव्हते. घरी बी.एड.चा विषय पुन्हा निघाला. वडिलांनी मला फोन केला, “मॅडम, पोरीचं वय निघून चाललं. तुम्हीच सांगा खरं काय ते.” मी त्यांना खोटी आशा दिली नाही. सांगितलं की पुढच्या वर्षीही न मिळण्याची शक्यता मिळण्यापेक्षा जास्त आहे, आणि नाही मिळालं तरी तिनं केलेलं काम वाया जाणार नाही, ती टेलिमानसला किंवा जिल्हा कार्यक्रमात उभी राहील. ते एक वर्ष थांबायला तयार झाले. मुलीच्या शिक्षणासाठी वर्षभर लोकांचे प्रश्न झेलणारा बाप हाही या करिअरचा एक आधार असतो.

२०२५ ला राज्याबाहेरच्या एका शासकीय संस्थेत ती लेखी उत्तीर्ण झाली. मुलाखतीत तिला विचारलं, “तुम्ही हाताळलेली, चुकलेली एखादी केस सांगा.” तिनं चालकाची केस सांगितली: आपण दिलासा देत गेलो, तारखा कशा जवळ येत गेल्या, कोणी दाखवलं, पुढे काय बदललं. नंतर परीक्षकांनी पुस्तकी प्रश्न फारसे विचारले नाहीत, असं ती सांगते. तिची निवड झाली, एम.फिल.ला परवानगी असलेल्या शेवटच्या वर्षात.

आत्ताची स्थिती

हे लिहिताना ती पहिल्या वर्षात आहे. वॉर्ड, ओपीडी, मानसशास्त्रीय चाचण्या, रोजची केस-मांडणी. भाषेची अडचण मोठी आहे. रुग्ण हिंदीत आणि स्थानिक बोलीत बोलतात, आणि चाचणीची वाक्यं हिंदीतच द्यायची असतात. वऱ्हाडी कानाला हिंदी जवळची आहे, पण वेड्यावाकड्या विचारांचा नेमका शब्द पकडायला ती अजून धडपडते. चाचण्यांचे अहवाल लिहिण्यात ती मागे होती, बरोबरीच्या मुलांकडून शिकली. रुग्णाशी बोलण्यात ती पुढे आहे, हे तिच्या वरिष्ठांनीच तिला सांगितलं.

खर्च ती आयसीटीसीतल्या बचतीवर आणि एका शैक्षणिक कर्जावर भागवते. नोकरीचं कंत्राट अर्थातच संपलं. परत आल्यावर ती जागा राखीव नसेल, आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातली क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची जागाही कंत्राटीच असेल. शहरातल्या खासगी रुग्णालयात तिला जास्त पैसे मिळतील. ती परत येईल की नाही, हे मी तिला विचारत नाही, आणि या क्षेत्रात कोणीही तिच्यासारख्यांकडून त्यागाची अपेक्षा करू नये असं मला वाटतं. परत यावं असं वाटत असेल तर तिथली जागा कायम आणि पगार वेळेवर व्हायला हवा, ते काम सरकारचं आहे.

जाण्याआधी तिनं एक केलं. तिच्या जागी आलेल्या नव्या समुपदेशकाला, एम.एस.डब्ल्यू. झालेल्या मुलाला, ती नागपूरच्या त्या मॅडमांच्या फोनवर स्वतः घेऊन आली आणि पंधरवड्याचा तो तास त्याच्या नावावर करून दिला. पानाचा नमुनाही त्याला दिला. तो आता दर दुसऱ्या गुरुवारी त्यावर एक केस लिहितो. गेल्या खेपेस त्यानं आणलेली केस एका गरोदर बाईची होती, जिच्या नवऱ्यानं चाचणीला नकार दिला होता.